छोटी, चपळ गाडी घ्यायची आहे : जुनी पोलो टीएसआय की नवी आय२० एन लाइन?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. आजवर इथं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी अंबाजोगाईचा, नोकरी लातूरला. आतापर्यंत एसटी, नाहीतर मित्राच्या गाडीत पेट्रोलचा वाटा देऊन जाणं-येणं चाललं. आता स्वतःची पहिली गाडी घ्यायची आहे आणि ती चालवताना मजा आली पाहिजे, एवढं पक्कं आहे. एसयूव्ही नको, उंच बसायची हौस नाही. छोटी, रस्त्याला धरून पळणारी, टर्बो पेट्रोल आणि हाताने गिअर टाकायची गाडी हवी.

दोन गाड्या समोर आहेत. पहिली फोक्सवॅगनची पोलो १.० टीएसआय (१ लिटर टर्बो पेट्रोल) हायलाइन प्लस, २०२१ची, पुण्याची, एकच मालक, ४८ हजार किमी झालेली. साडेसात लाख मागतोय. ताकद ११० पीएस, ओढ (टॉर्क) १७५ न्यूटन मीटर. मित्राच्या भावाची अशीच गाडी चालवली होती, तेव्हापासून दुसरं काही डोळ्यांत भरत नाही. दुसरी नवी कोरी ह्युंदाई आय२० एन लाइन, १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर. खालच्या मॉडेलचे ऑन-रोड पावणेअकरा लाखांच्या आसपास होतील असं शोरूमवाल्यानं सांगितलं.

सात लाख साठवलेले आहेत, वरचे कर्ज काढून. वडिलांचं म्हणणं, पहिलीच गाडी दुसऱ्यानं वापरलेली नको. बायको म्हणते, तीन लाख वाचत असतील तर वाचव, पुढं लेकीच्या शिक्षणाला लागतील. दोघांचंही पटतं, म्हणून तर अडकलोय. जाणकारांनी सांगा.

वाळूजकर
पोलो. डोळे झाकून.

स्पॅनर
@वाळूजकर, डोळे झाकून नको हो, चांगले उघडे ठेवून.

माझं बीडला गॅरेज आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. पोलो भारतात २०२२ला बंद झाली. हे १.० टीएसआय इंजिन मात्र पुढं व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाकमध्येही आलं, त्यामुळं इंजिनच्या सामानाची मला फार काळजी वाटत नाही. काळजी आहे ती पत्र्याची आणि काचेची. हेडलाइट, बंपर, फेंडर, दाराची रबरं. मॉडेल बंद झालं की या वस्तू हळूहळू दुकानातून कमी होतात आणि मिळाल्या तरी थांबावं लागतं. अंबाजोगाईत गाडी ठोकली गेली तर ती कुठं नेणार, टो करून नेणार का, आणि सामान येईपर्यंत लातूरला कशानं जाणार, या तीन गोष्टींची उत्तरं आधी शोधा.

बघायला जाल तेव्हा आदल्या रात्रीच मालकाला सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. तुम्ही गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा, थंड पाहिजे. गरम इंजिन खूप काही लपवतं. चालू होताना खडखड, धूर, रेस वर-खाली होणं, जे काय असेल ते पहिल्या मिनिटात कळतं. मग क्लच. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडा, इंजिन लगेच बंद पडायला पाहिजे. तसंच गुरगुरत राहिलं तर क्लच संपत आलाय असं समजा. ही तपासणी एकदाच करा, वारंवार करून लोकांच्या गाडीचा क्लच जाळू नका.

सोयाबीनवाला
एवढ्या पैशात बारकी गाडी कामून घेता दादा? थोडं थांबून जुनी स्कॉर्पिओ घ्या की. वऱ्हाड जातं, खताची पोती जातात, रस्ता असो नसो फरक पडत नाही. आमच्या गावात बारक्या गाडीला सोयरे विचारतबी नाहीत.

मांजराकाठ
@सोयाबीनवाला दादा, तुमच्या स्कॉर्पिओतून वऱ्हाड येऊ द्या, नवरदेवाला मी माझ्या गाडीतून आणतो :) शेतीची कामं भाऊ बघतो, त्याच्याकडं पिकअप आहे. ही गाडी निव्वळ माझ्यासाठी.

@स्पॅनर, मनापासून आभार. क्लचचं माहीत नव्हतं. फोक्सवॅगनचं अधिकृत सर्व्हिस सेंटर माझ्या जवळपास नाही, ह्युंदाईचं लातूरला आहे.

घाटवेडा
माझं मत पोलोला, पण कारण सांगून.

मांजरसुंब्याचा घाट असो नाहीतर चाळीसगावला उतरणारा कन्नडचा औट्रम घाट, पोलो वळणात शिरली की स्टिअरिंगवर जो भरोसा वाटतो तो किमतीच्या आकड्यात मावत नाही. दार लावल्यावरचा आवाज ऐका. ८० ते १००च्या वेगावर खराब डांबरावरून न्या, गाडी अंग चोरत नाही. एन लाइन वाईट नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत (पोलोला मागं ड्रम), सस्पेन्शन साध्या आय२०पेक्षा ताठ आहे, एक्झॉस्टचा आवाज छान आहे. पण दोन्ही पाठोपाठ चालवा आणि मग पैसे भरा. तुम्ही मजेसाठी घेताय ना? मग मजा कशात येते ते तुमच्या हातांना विचारा, आमचं ऐकून ठरवू नका.

गोदामाई_नांदेड
मजेचं बोलणं झालं, आता रस्त्याचं बोलू.

नांदेड-लातूर रस्त्यावर माझं नेहमी जाणं-येणं असतं, बऱ्याचदा रात्रीचं. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की उसाचे ट्रॅक्टर निघतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं भरलेला. समोरून येणाऱ्याचा हायबीम डोळ्यांवर असतो आणि ट्रॉली दिसते तेव्हा अंतर उरलेलं नसतं. अशा वेळी १२० पीएस कामाला येत नाहीत. हेडलाइट, ब्रेक आणि टायर, तेवढेच कामाला येतात. म्हणून सांगते, टेस्ट ड्राइव्ह रात्रीची घ्या. शोरूमवाले दुपारी शहरातल्या चांगल्या रस्त्यावरून एक चक्कर मारून आणतात, त्यात हेडलाइटचं काहीच कळत नाही. जुन्या गाडीच्या हेडलाइटची काच पिवळी पडलेली असते, तेही रात्रीच लक्षात येतं.

आणि एअरबॅग मोजा. त्या पोलोत दोनच आहेत, आताच्या आय२०मध्ये सहा. घरी लेक आहे तुमच्या.

जालनारोड
ताई म्हणतात त्यात टायरचं जास्त सांगतो. समृद्धी सुरू झाल्यापासून आमच्या भागातली पोरं वेगाच्या नादी लागलीत. छोट्या गाड्यांना १२०ची मर्यादा आहे, पण काँक्रीटचा सरळ रस्ता, मे महिन्यातलं ऊन आणि जुनं झालेलं रबर एकत्र आलं की टायर फुटतो. जुनी गाडी घेताना टायरची नक्षी बघून समाधान मानू नका, तारीख वाचा. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३२१ असेल तर २०२१च्या २३व्या आठवड्यात बनलेला. २०२१च्या गाडीवर तेच टायर असतील तर चारही टायरचा खर्च किमतीतून वजा करायला लावा. स्टेपनीचीही तारीख बघा, तिच्याकडं कोणी बघत नाही.

विमावाली
मी विम्याचं काम करते, म्हणून माझ्या कामाचं तेवढं सांगते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी नीट वाचा.

मालकाला चालू पॉलिसीचा कागद मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस किती टक्के लिहिलाय ते बघा. क्लेम न करता गाडी वापरली तर दर वर्षी तो वाढत जातो : २०, २५, ३५, ४५, शेवटी ५०. २०२१ला घेतलेल्या गाडीचं चौथं नूतनीकरण झालं असेल आणि एकदाही क्लेम नसेल, तर ४५ दिसायला पाहिजे. तिथं शून्य किंवा २० दिसलं तर विचारा, मधे काय झालं? पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी बोनस जातो, त्यामुळं शून्य म्हणजे अपघातच असं नाही. पण विचारायला जागा मिळते, आणि खरं सांगणारा माणूस लगेच खरं सांगतो.

दुसरं म्हणजे तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. गाडी तुमच्या नावावर झाली की बोनस त्याच्याकडं राहतो आणि फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागते. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशा अवस्थेत गाडी ठोकली की स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. याच कारणानं हातातले पैसे गेलेली माणसं मी पाहिलीत आणि त्यांना काय सांगावं ते सुचत नाही.

उदगीरचा_पाहुणा
आमच्याकडं उदगीर, देगलूर, बिलोलीकडचे लोक गाडी बघायला सरळ हैदराबाद गाठतात. तिथं पोलो, जुन्या फिगो, बलेनो आरएस ढिगानं मिळतात आणि भाव पुण्यापेक्षा कमी वाटतो. कमी वाटतो म्हणालो. राज्य बदललं की तिकडच्या आरटीओचं ना-हरकत, त्यासाठीचा फॉर्म २८, आपल्याकडचा रोड टॅक्स नव्यानं, मग तिकडच्या टॅक्सच्या परताव्यासाठी अर्ज. दलाल हे पैसे कधीच आधी सांगत नाही. आणि ऑक्टोबर २०२०च्या पावसात हैदराबादेत कितीतरी गाड्या पाण्यात होत्या, त्या कुठंतरी विकल्या गेल्याच असतील.

पाण्यातली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी गुंडाळीतला शेवटचा वीतभर पट्टा बाहेर येईपर्यंत. गाडी धुणारे सगळं धुतात, तेवढाच भाग राहतो. तिथं मातीचा पट्टा असेल तर मागं फिरा. मग पुढची सीट मागं सरकवून रुळावरचा गंज बघा आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघा.

परभणी_एक्स्प्रेस
हे फक्त हैदराबादपुरतं नाही. सप्टेंबर २०२५मध्ये आपल्याकडं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. धाराशिव, बीड, लातूर, जालना, परभणी, शेतातली माती वाहून गेली, तिथं गाड्या काय टिकणार. यापुढची काही वर्षं मराठवाड्यातली गाडीसुद्धा सीटबेल्ट ओढूनच घ्या. आपल्याच माणसाची असली तरी.

निवृत्त_मास्तर
मांजराकाठ, तुमच्या वडिलांच्या बाजूनं दोन शब्द. मी त्यांच्याच वयाचा असेन. आमच्या पिढीला गाडी आयुष्यात एकदाच घ्यायची होती. ती नवी असावी, दारात पूजा व्हावी, गल्लीत पेढे वाटावेत, ही साधी हौस आहे. यात दिखावा नाही. पोरगा कष्टानं इथवर आला, त्याची खूण ते त्या गाडीत बघतात. तुम्ही हिशेब करालच, पण त्यांच्याशी बोलून करा. कागदावरचे तीन लाख त्यांना दाखवा, शेजारी बसवून दोन्ही गाड्या फिरवा. मग ते काय म्हणतात ते बघा.

वाळूजकर
मास्तर, फार छान लिहिलंत.

पोलोवाले म्हणून आम्हाला नावं ठेवू नका. आम्ही शेंद्र्याच्या सावलीत वाढलेली माणसं. २००१पासून तिथं पोलोच्याच घराण्यातल्या स्कोडाच्या गाड्या जुळतात. शाळेत होतो तेव्हा जालना रोडवर स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस एकदा शेजारून गेली आणि तेव्हापासून जर्मन-चेक गाडीचं वेड डोक्यात बसलं ते बसलंच. एमएच-२० पाटीची आरएस दिसली की आजही मान वळते.

घाटवेडा
@वाळूजकर, आरएसचं नाव काढलंत, आता हा धागा कुठल्या कुठं जाणार.

तुम्ही आरएस म्हणालात तर मी फियाटची अबार्थ पुंटो म्हणतो. १.४ टी-जेट टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, २०१५ला दहा लाखांच्या आसपास. रांजणगावात बनणारी गाडी, आपल्या घरची म्हणा ना. तेवढ्या किमतीत तेवढी ताकद पुन्हा कोणी दिली नाही.

स्पॅनर
अबार्थ गाडी म्हणून एक नंबर, वाद नाही. पण फियाटनं इथं गाड्या विकणं बंद केलं आणि टी-जेटचं सामान शोधताना मालक देशभर फोन करतात. ज्याच्याकडं रोजच्याला दुसरी गाडी आहे, हाताशी वेळ आहे आणि ग्रुपमध्ये ओळखी आहेत, त्यानं जरूर घ्यावी, अशा गाड्या जिवंत राहिल्या पाहिजेत. मांजराकाठ यांची ही एकुलती एक गाडी आहे. मला वाटतं या धाग्याचा खरा प्रश्न तोच आहे. जुनी की नवी हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की गाडी आठ दिवस उभी राहिली तर तुमचं अडेल की नाही? अडत असेल तर बंद झालेलं मॉडेल नको. जुनी घ्या, खुशाल घ्या, पण शोरूममध्ये अजून उभी असलेली घ्या.

वाळूजकर
स्पॅनरभाऊ, हे मला मान्य नाही. पोलो इतक्या वर्षांत इतक्या विकल्या गेल्यात की बाहेरच्या बाजारात सामान मिळतं. तुम्ही अबार्थच्या रांगेत बसवताय तिला.

स्पॅनर
आज मिळतं, खरंय. त्यांना गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल. मी तेव्हाचं बोलतोय.

टर्बोताई
कोणीच रीमॅपचं बोललं नाही म्हणून लिहिते.

साधी जुनी गाडी आणि जुनी टर्बो गाडी यात फरक आहे. टर्बो गाडीच्या ईसीयूमधली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवता येते, यालाच रीमॅप म्हणतात, पोरं हौसेनं स्टेज १ (पहिल्या पायरीचा रीमॅप) करतात, आणि विकायच्या आधी मूळ फाइल परत टाकतात. दिसायला गाडी कंपनीतून आली तशी, पण क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्सनं ती वर्षं सोसलेली असतात. अशी फाइल बदललेली कळली तर कंपनी वॉरंटी नाकारते. खुणा शोधा : एअर फिल्टरच्या डब्याचे क्लिप वारंवार उघडल्यासारखे, पाइपच्या पट्ट्या नव्या, एक्झॉस्टच्या जोडावर कापून वेल्ड केल्याचं, पुढचे टायर मागच्यांपेक्षा फारच झिजलेले. मालकाला सरळ विचारा, कोणत्या ट्यूनरकडून केलीत? केली का, असं विचारू नका. ज्यानं केलीय तो उत्साहात नाव सांगून टाकतो.

आणि गाडीत कायद्याबाहेरचे बदल असतील तर घेऊच नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ला सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट सांगितलंय. मूळ बनावटीत मनाला येईल तसे बदल चालत नाहीत.

गोदामाई_नांदेड
@टर्बोताई, मालकाला प्रश्न विचारायची ही रीत मी लिहून ठेवली.

परभणी_एक्स्प्रेस
आता थोडा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला. आधी उपकर धरून २९ होता. एन लाइन ९९८ सीसी, म्हणजे यात बसते. आता जुनी विकणारा माणूस डोक्यात त्याचं २९ टक्क्यांवालं बिल धरून भाव सांगतो. आपण आजच्या नव्याच्या किमतीवरून मोजायचं. नवीच स्वस्त झाली तर जुनी त्याच भावाला कशी?

पोलो नव्यानं मिळतच नाही, त्यामुळं तिचा भाव हौसेवर चढलाय. साडेसात लाखांतला किती भाग गाडीचा आणि किती भाग नावाचा, ते तुम्ही ठरवा. वर विमा, टायर, नावावर करायचा खर्च, आणि लागलाच तर क्लच. शिवाय जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा चांगलाच जास्त असतो, बँकेत आधी विचारून या. तुमच्या तीन लाखांतले बरेचसे तिथंच जातील.

महिन्याचं रनिंग किती आहे? ते न सांगता सगळे सल्ला देतायत.

मांजराकाठ
@परभणी_एक्स्प्रेस, बरोबर, ते राहिलंच. रोज गाडी नेणार नाही. आठवड्यात दोन-तीनदा लातूर, बाकी गावात आणि सुट्टीला बाहेर. महिन्याला दीड हजार किमीच्या आत.

मास्तर, तुमची पोस्ट वडिलांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण शोरूमला बरोबर आले. एन लाइन चालवली. घाटवेडा, तुम्ही म्हणता ते खरं आहे, पोलोचं स्टिअरिंग ते पोलोचंच. पण तिसऱ्या गिअरमध्ये एन लाइननं जी ओढ घेतली ती मला फार आवडली. तेव्हा मागच्या सीटवरून वडील म्हणाले, "हळू की रे." पण आवाज खुशीतला होता.

पुण्याला पोलो बघायला या रविवारी जातोय.

सोयाबीनवाला
ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचं काय? सगळीकडं तेच मिळतंय आता.

स्पॅनर
चांगला मुद्दा. एप्रिल २०२३नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप, रबर वगैरे साहित्य ई२० चालेल असं असतं. त्याआधीच्या गाडीला मॅन्युअलमध्ये आणि पेट्रोलच्या झाकणामागं काय लिहिलंय ते वाचायचं. ॲव्हरेज थोडं कमी येणारच, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. जुनी घेणाऱ्यानं बनावटीचा महिना बघायचं हे आणखी एक कारण.

नाथसागर
आय२०ला ग्लोबल एनसीएपीच्या अपघात चाचणीत २०२२ला तीनच तारे मिळालेत हे कोणी सांगेल का? टाटाची अल्ट्रोज रेसर का नाही कोणी सुचवत? तिलाही १२० पीएस आहेत.

गोदामाई_नांदेड
@नाथसागर, सांगायलाच पाहिजे होतं, बरं झालं लिहिलंत. ती चाचणी दोन एअरबॅगवाल्या गाडीची होती, पण सांगाडा अस्थिर असल्याचं त्या अहवालात आहे आणि एअरबॅग वाढवून सांगाडा बदलत नाही. पोलोला २०१४ला चार तारे होते, तेही जुन्या पद्धतीच्या चाचणीत. यात अल्ट्रोजचे पाच तारे उजवेच. मांजराकाठ, रेसरही चालवून बघा.

मांजराकाठ
पुण्याहून आलो. जे झालं ते लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल.

गाडी लांबून झकास. निळा रंग, आतून स्वच्छ. बॉनेट थंड होतं, म्हणजे मालकानं ऐकलं होतं. चालू होताना आवाज गोड, क्लचही बरा. सीटबेल्ट ओढला, कोरडा आणि स्वच्छ. मी मनातून जवळजवळ हो म्हणालो होतो. मग विमावाली ताईंचं आठवून पॉलिसी मागितली. नो क्लेम बोनस २० टक्के. विचारलं, तर म्हणाला, मागचा बंपर घासला होता, किरकोळ.

मग पुढून नीट बघितलं. दोन्ही हेडलाइटच्या मागं प्लास्टिकवर बनावटीची तारीख उठवलेली असते. उजव्यावर २०२१, डाव्यावर २०२४. डाव्या फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्यानं खरवडलेला, उजव्याचे बोल्ट कंपनीतले तसेच. रेडिएटरची वरची पट्टी बाकीच्या काळ्या पत्र्यापेक्षा जास्त चकचकीत. मागचा बंपर घासला म्हणणारा माणूस पुढच्या डाव्या कोपऱ्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. दुरुस्ती चांगली केली असेलही. पण विचारल्यावर जो खरं सांगत नाही त्याच्या बाकीच्या गोष्टींवर मी पैसे लावणार नाही. तिथूनच परत फिरलो.

ताई, तुमच्या एका ओळीनं माझे साडेसात लाख वाचवले.

विमावाली
वाचून बरं वाटलं. हेडलाइटची तारीख मलाही नवीन आहे, ती मी आता पुढं सांगेन.

वाळूजकर
एक पोलो खोटी निघाली म्हणून सगळ्या खोट्या नव्हेत. मी आमच्याकडं शोधतो, महिनाभर थांबा.

मांजराकाठ
@वाळूजकर, तुमची कळकळ पोचली. पण दरम्यान एक वेगळंच समोर आलंय आणि आता त्यावर मत हवंय.

रेसर चालवली. गाडी भक्कम वाटते, पण गिअरचा दांडा माझ्या हाताला बसला नाही. एन लाइन बघायला गेलो होतो त्याच शोरूममधल्या माणसानं सांगितलं, की लातूरच्याच एका गृहस्थांची एन लाइन एन६ (तेच खालचं मॉडेल) विकायची आहे. नोव्हेंबर २०२३ची, सहा गिअरची मॅन्युअल, २१ हजार किमी, सगळ्या सर्व्हिस तिथंच झालेल्या. त्यांना मोठी गाडी घ्यायची आहे. सव्वाआठ लाख मागतायत. पॉलिसीवर बोनस वर्षांप्रमाणे बरोबर, दोन्ही हेडलाइटची तारीख एकच. बनावटीचा महिना एप्रिल २०२३नंतरचा.

स्पॅनर
हीच. जुनी आहे, पण मॉडेल चालू आहे, सर्व्हिस तुमच्या वाटेवर आहे. तरी बाहेरच्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून खालून बघून घ्या. शोरूमच्या माणसानं सुचवली म्हणून ती पायरी गाळू नका.

परभणी_एक्स्प्रेस
सव्वाआठ जास्त होतात. ही त्यांनी २९ टक्के कराच्या काळात घेतली, तुम्ही आजच्या नव्याची किंमत समोर ठेवा. विमा कंपन्या दोन ते तीन वर्षांच्या गाडीला आयडीव्हीसाठी (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीसाठी) ३० टक्के घसारा धरतात. बाजारभाव त्याच्या वर असतो, पण बोलणी तिथून सुरू करा. साडेसातच्या आत या.

घाटवेडा
घ्या. आणि घेतल्यावर पहिल्या मोठ्या सुट्टीला कन्नडच्या घाटात या, मी माझी घेऊन येतो.

निवृत्त_मास्तर
वडील काय म्हणतात?

मांजराकाठ
मास्तर, वडील म्हणाले, शोरूममध्ये तीच गाडी उभी आहे ना, मग लोकांना काय कळतंय. पेढे ते वाटणारच आहेत.

सात लाख चाळीस हजारांना सौदा ठरला. लिफ्टवर बघून झाली, खालून कोरडी आहे, फक्त पुढचे टायर लवकर बदलावे लागतील. आता एकच अडचण. गाडीवर त्यांच्या बँकेचं कर्ज आहे, थोडे हप्ते बाकी आहेत. ते म्हणतायत टोकनचे एक लाख द्या, त्यातून कर्ज फेडतो. द्यावे का?

विमावाली
त्यांच्या हातात देऊ नका. माणूस भला असला तरी नको. दोघं मिळून बँकेत जा, फोरक्लोजरची (कर्ज मुदतीआधी पूर्ण फेडायची) रक्कम लेखी घ्या आणि तुमचे पैसे थेट त्यांच्या कर्ज खात्यात भरा, उरलेले नंतर त्यांना. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचे फॉर्म ३५ घ्या, मग आरटीओत कर्जाचा बोजा उतरवून, गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. जाण्याआधी गाडीच्या नंबरवर थकलेले ई-चलन आहेत का ते बघा, असतील तर त्यांनाच भरायला लावा. त्यांचा फास्टॅग बंद करून घ्या, तुमचा नवा काढा. विम्याचे १४ दिवस विसरू नका, कागद हातात आले की मला व्यक्तिगत निरोप करा, फॉर्म भरून देते.

मांजराकाठ
सोमवारी दोघं बँकेत जातोय. कळवतो.